दोन बरण्या

सापाला हात लावण्याआधी हात गार करून घे,
मसुंदी मामा सांगायचा.
चुलीपाशी बसलेली बोटं
त्याला निखाऱ्यासारखी लागतात.

आमच्या म्वाली बेटावर रात्री
इलांग-इलांगच्या भट्टीचा वास झोपेतही अंगाला चिकटून असतो,
आणि नारळाच्या शेंड्यात, झावळीच्या बेचक्यात
ते असतात :
करंगळीएवढे जाड, हात-दीड हात लांब,
मांजरासारख्या उभ्या बाहुल्यांचे.
पाली खातात. चावलेच, तर लिंबाचा काटा घासून गेल्यासारखं.
तरी खाली उतरले की कोयता.

आमच्या भाषेत त्यांना एकच शब्द. न्योहा.
त्यात शहाणपण काही नव्हतं,
कोयत्याला एकच शब्द पुरतो.

हेरिनिआइना बाई अंतानानारिव्होहून आल्या
तेव्हा त्यांच्या पेटीत सुई, भिंग, छोटा वजनकाटा
आणि एक फोटो होता, दोन बरण्यांचा.
कधीकाळी आगबोटीतून कुणीतरी नेलेले आमचेच दोन साप,
एक पिवळट, ठिपक्याठिपक्यांचा,
एक राखाडी, नितळ.
दोन चिठ्ठ्या. दोन लॅटिन नावं.
म्हणून दोन जाती.

मामा वर चढे, कापडी पिशवी दोरीने खाली सोडी.
मी बॅटरी धरी.
बाई पोटावरचे खवले मोजत, सुईचं टोक एकेकावर टेकवत,
गळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत.
दोनशे सदतीसला त्यांना शिंक आली.
पुन्हा पहिल्यापासून.
साप माझ्या मनगटाला वेढा घालून बसलेला,
त्याला कसली घाई.

एकविसाव्या रात्री बाईंनी वही मिटली.
मग उघडली. बोट फिरवत खाली गेल्या,
पान उलटलं, पुन्हा खाली.
राखाडी : नर, नर, नर, नर.
ठिपकेवाली : मादी. मादी, पोटात अंडी. मादी.
अख्ख्या वहीत एकही राखाडी मादी नाही.
आणि खवल्यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले,
दोन घरची पोरं एका अंगणात खेळावीत तसे.

बाई इतक्या मोठ्याने हसल्या
की शेजारच्या मोइनाएशाने दार उघडून पाहिलं.

मग म्हणाल्या, आता एकच नाव राहील.
कुठलं?
जे आधी छापलं गेलं ते. नियम आहे.
चार वर्षांनी जुनं आहे ठिपकेवालीचं.
आणि त्याचं?
त्याचंही पुसत नाहीत.
तिच्या नावाखाली, बारीक अक्षरात, लिहून ठेवतात.

मामा चहाचा पेला फिरवत बसला होता.
म्हणजे आपल्यासारखंच, तो म्हणाला,
नवरा बायकोच्या घरी राहायला गेला.
आमच्याकडे घर मुलीचं असतं,
भिंती, छप्पर, दाराची कडी, सगळं तिचं,
हे बाईंना मी समजावून सांगितलं.
हे नाही सांगितलं
की मामा तीन वर्षांपूर्वी एक चटई आणि एक कोयता घेऊन
परत आमच्या आईच्या, त्याच्या बहिणीच्या, ओसरीवर आला होता.

आणि उद्या कुणी पुन्हा मोजलं तर?
त्याने विचारलं. पेल्याकडे बघत.
तर पुन्हा मोजलं जाईल, बाई म्हणाल्या.
कदाचित शेजारच्या बेटावरचे वेगळे निघतील.
कदाचित आम्ही चुकलो असू.

मामाने हात माठात बुडवले,
बराच वेळ, मनगटापर्यंत,
आणि राखाडी साप पिशवीतून अलगद काढून
त्याच माडावर घेऊन गेला
ज्यावरून आणला होता.
अंधारात झावळ्या सळसळल्या. वारा नव्हता.

आता त्या दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवतील ना?
मी विचारलं.
बाई सुई पुसत होत्या.
त्या दोन वेगळ्या देशांत आहेत, म्हणाल्या.
अर्ज करावा लागतो.